पाण्याला घातलेली खूण

माझं काम तसं सोपं होतं. महिन्यातून एकदा बारा विहिरींत फीत सोडायची आणि पाणी किती खोल आहे ते कागदावर लिहायचं. त्यासाठी खाण कंपनीने मला एक सायकल, एक पोलादी फीत, खडूंचा डबा आणि छातीवर लावायला बिल्ला दिला होता. बिल्ल्यावर 'जलस्तर निरीक्षक' असं छापलेलं होतं. आमचे भावोजी म्हणायचे, "म्हणजे पगार घेऊन विहिरीत डोकावणारा." भावोजींना पंपाच्या आवाजाने कमी ऐकू येतं, पण बोलताना ते कुणाला सोडत नाहीत.

फितीच्या शेवटच्या दोन मीटरना खडू घासायचा, फीत विहिरीत सोडायची आणि वर ओढून बघायचं. बुडालेला खडू काळपट होतो, उरलेला पांढरा राहतो. जिथे रंग बदलतो तिथे पाणी. ही युक्ती माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेली आहे आणि तिच्यात चुकायला जागा नाही. फीत खोटं बोलत नाही. ते काम कंपनीने दुसऱ्या माणसांकडे दिलेलं होतं.

आमच्या वस्तीखाली नव्वद मीटरवर कोळसा आहे. कोळसा काढून झाला की मागे राहिलेली पोकळी कुणी भरत बसत नाही. तिथलं छत मुद्दाम पाडून टाकतात. छत पडलं की त्याच्यावरचा दगड फाटतो, मग त्याच्यावरचा तडकतो, आणि अशी वर वर येत ती भेग एक दिवस कुणाच्या तरी विहिरीच्या बुडाशी पोचते. विहिरीला कुणी नोटीस देत नाही. ती बिचारी सकाळी उठून बघते तर पाणी गायब.

अशा वेळी काय लिहायचं, हे फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात दिलेलं होतं : 'फितीला पाणी न लागल्यास रेघ मारावी.' मी रेघ मारायचो. रेघ कंपनीच्या कचेरीत जायची. तिथे आमचे पर्यावरण अधिकारी सगळे आकडे संगणकात भरायचे, आणि संगणकाला रेघ कळत नसल्यामुळे तो ती विहीर सोडून उरलेल्यांची सरासरी काढायचा. आधी आटल्या त्या खाणीच्या डोक्यावरच्या विहिरी. टिकल्या त्या लांब ओढ्याकाठच्या, जिथे चार मीटरवर पाणी लागतं. त्यामुळे झालं असं, की दोन वर्षांपूर्वी बारा विहिरींची सरासरी नऊ मीटर होती, ती आता पाच विहिरींची साडेचार मीटर झाली. म्हणजे कागदावर पाणी दुपटीने वर आलं. आणखी दोनचार विहिरी आटल्या असत्या तर आम्हाला बहुधा होड्या घ्याव्या लागल्या असत्या.

या कामगिरीमुळे अधिकाऱ्यांना सगळे 'सरासरीसाहेब' म्हणायचे. त्यांना वाटायचं कौतुकाने म्हणतात. माणूस तसा वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रवेशासाठी त्यांनी चिठ्ठी दिली होती, हे मला विसरता येत नसे आणि तेही मला विसरू देत नसत. त्यांना फक्त वाईट बातमी ऐकवत नसे. शाळेचं मैदान मधोमध खचलं आणि त्यात पाणी साचलं, तेव्हा त्यांनी कडेला चार बाकं टाकली, सहा बदकं सोडली आणि 'जलविहार, कंपनीतर्फे सप्रेम भेट' असा फलक लावला. खाणीतून उपसलेलं पाणी ओढ्यात सोडल्यावर ओढा विटेच्या रंगाचा झाला आणि मासे उलटे तरंगायला लागले, तेव्हा त्यांनी 'लोहयुक्त प्रवाह' असा शब्द काढला. ऐकून एखाद्याला वाटावं, भांडंभर प्यायलं तर अंगात रक्त वाढेल.

सात नंबरची विहीर माझ्या थोरल्या बहिणीची. ती ताईच्या लाँड्रीच्या मागच्या अंगणात आहे. आईने सुरू केलेली लाँड्री ताईने वाढवली. चार मोठे हौद, दोन यंत्रं, इस्त्रीची लांब खोली, कामाला चार बायका, आणि रोज दवाखान्याच्या दीडशे चादरी. ताईच्या चादरीला बोट लावायची छाती दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनाही होत नसे. आणि ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, खाणीच्या पंपघरात. कोळशापाशी उतरणारं पाणी अहोरात्र उपसून ओढ्यात सोडायचं, हे त्यांचं काम. एकूण काय, तर बायकोची विहीर आटवण्याचं काम नवऱ्याकडे आणि ती आटली असं न लिहिण्याचं काम भावाकडे. कंपनीने आमच्या घराण्याला फार जीव लावला होता.

खाण सात नंबरच्या खाली गेली त्या वर्षी मी दर महिन्याला आकडा लिहीत गेलो. तो दर महिन्याला खाली उतरत गेला. मग एका सकाळी फीत सोळा मीटर आत जाऊन खटकन तळाला टेकली आणि खडू होता तसा पांढराशुभ्र वर आला. ताई बाजूला उभी होती. तिने विचारलं, "किती?" मी म्हणालो, "लिहितो." आणि मी रेघ मारली.

अशा पाच रेघा झाल्या. तोवर ताईने शेजारच्या आठ नंबरमधून पाइप ओढून काम चालवलं. मग आठ नंबरलाही रेघ आली. नाइलाजाने तिने भावोजींकरवी खाणीचं उपसलेलं पाणी मागवलं. पहिल्याच धुण्यात दीडशे चादरी विटकरी होऊन बाहेर आल्या. दवाखान्याने त्या परत पाठवल्या आणि सोबत निरोप पाठवला : महिनाअखेरपर्यंत स्वच्छ पाण्याची पक्की सोय दाखवा, नाहीतर चादरी दुसरीकडे जातील. दवाखान्याच्या चादरी गेल्या की लाँड्री गेली, हे सांगायला ताईला सरासरी काढायची गरज नव्हती.

नियम होता. ज्याची विहीर खाणीमुळे आटली, त्याला कंपनीने साफ केलेल्या पाण्याचा नळ द्यायचा. अडचण एवढीच, की विहिरीचं पाणी खाणीत जातं हे कागदावर सिद्ध करायचं आटलेल्याने. कंपनीचं म्हणणं ठरलेलं : तुमची विहीर वेगळी, आमची खाण वेगळी, मध्ये नव्वद मीटर देवाने घातलेला दगड. ताईने पाणी खात्याकडे अर्ज केला. खात्याने कळवलं, तपासनीस बाई शुक्रवारी विहीर बघायला येतील.

सोमवारी सरासरीसाहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या खोलीत गारवा असतो आणि टेबलावर काचेच्या खाली बदकांचा फोटो असतो.

"सात नंबरला रेघ आहे," ते म्हणाले.

"हो साहेब. पाच महिने."

"बाईंना रेघ दाखवणं बरं दिसणार नाही. पाहुणा घरी येणार आणि घरात पाण्याचा थेंब नाही, हे शोभतं का? विहीर भरून घ्या."

"भरून?"

"टँकरने. शुक्रवारी तुम्ही फीत सोडा, पाणी लागेल, आकडा लिहा. तुमचा आकडा खराच असेल. मी कुणाला खोटं लिहायला कधी सांगितलंय का?"

सांगितलं नव्हतं, हे खरं. मी मान डोलावली. मान डोलावण्याचं काम मी त्या कचेरीत अकरा वर्षं मन लावून केलं आहे.

टँकर भरायचा कुठे, तर जवळात जवळचं पाणी खाणीच्या उपशाच्या हौदावर. तिथून मंगळवारी सकाळी दहा हजार लिटरचा टँकर ताईच्या अंगणात आला. ताई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पाणी धो धो विहिरीत पडलं. दुपारी मी फीत सोडली, पाणी तेरा मीटरवर लागलं. बुधवारी सकाळी सोडली, तर खडू पांढरा. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "विहीर तहानलेली असेल. दोन टँकर ओता." बुधवारी दोन ओतले. गुरुवारी सकाळी पुन्हा कोरडी ठाक. "चार ओता," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात प्रथमच जरा काळजी होती, पण ती शुक्रवारची.

गुरुवारी दुपारी मी ताईकडे जेवायला होतो. भावोजी पाळी संपवून आले आणि पाटावर बसल्या बसल्या कुरकुरायला लागले.

"कंबर मोडली माझी. तीन दिवस झाले, पंपाला दम नाही. खाली पाणी वाढलंय. मंगळवारी दहा हजार लिटर जादा उपसलं, काल वीस हजार. कुठून येतंय कोण जाणे."

माझा घास हातातच राहिला. ताई वाढता वाढता थांबली.

"किती म्हणालात?" तिने मोठ्याने विचारलं.

"मंगळवारी दहा, काल वीस. मीटरच आहे तिथे, मी काय मनाने सांगतो?"

"अहो, मंगळवारी एक टँकर ओतला माझ्या विहिरीत. काल दोन."

भावोजींनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी उपसतो, टँकर उचलतो, तुझ्या विहिरीत ओततो, ते परत माझ्याकडे येतं, आणि मी ते पुन्हा उपसतो?"

"तसंच."

"आणि या सगळ्याचा आम्हाला जादा पाळीचा भत्ता मिळतो?"

"मिळतो," मी म्हणालो.

"मग कंपनी तोट्यात का जाते म्हणून मी उगाच डोकं फोडत होतो," असं म्हणून भावोजी जेवायला लागले.

मी ताईला म्हणालो, "पण हे सिद्ध कसं करायचं? साहेब म्हणतील, योगायोग. पाण्यावर काय कुणाचं नाव लिहिलेलं असतं?"

हात धुऊन ताई इस्त्रीच्या खोलीत गेली. मला वाटलं रडायला गेली. थोड्या वेळाने मागे गेलो, तर ती दवाखान्याच्या चादरींच्या कोपऱ्यांना लाल दोऱ्याचे दोन टाके घालत होती. प्रत्येक लाँड्रीत हे करतात. दहा घरांचे पांढरे कपडे एका हौदात पडतात, मग कुणाचा कुठला ते कळावं म्हणून धुण्याआधी खूण घालायची. दवाखान्याची खूण लाल दोन टाके, हॉटेलची हिरवा एक, माझ्या शर्टांना काळा फुलीचा टाका. आईपासून चालत आलेली पद्धत.

"कपडा हरवला असं गिऱ्हाईक म्हणायला लागलं, की मी काय करते?" ताईने मान वर न करता विचारलं.

"खूण दाखवतेस."

"मग पाण्याला खूण नको घालायला?"

ती उठली आणि कोठीतून नीळ काढली. बाटलीतली पातळ नीळ, पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात थेंबभर घालतात ती. ताईने वर्षाची एकदम भरून ठेवलेली होती, दोन मोठे कॅन. चादरी पांढऱ्या येणं बंद झाल्यापासून ते कोपऱ्यात पडून होते. संध्याकाळी चौथा टँकर ओतून निघून गेला आणि ताईने दोन्ही कॅन विहिरीत पालथे केले. मी बाजूला उभा होतो. अडवायला हवं होतं, कारण मी कंपनीचा माणूस. मी कॅनची बुचं धरून उभा राहिलो.

शुक्रवारी सकाळी दहाला तपासनीस बाई आल्या. उन्हाची टोपी, पायात जाड बूट, हातात जाडजूड वही. साहेबांनी आणखी दोन टँकर तयार ठेवून पहाटेच ओतवले होते, त्यामुळे पाणी होतं. मी फीत सोडली. खडू काळपट व्हायच्या ऐवजी निळा होऊन वर आला. बाईंनी फीत हातात धरून बघितली.

"हे पाणी निळं का आहे?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं.

"आकाशाचं प्रतिबिंब," साहेब म्हणाले.

बाईंनी फितीकडे पुन्हा एकदा बघितलं, वहीत लिहिलं, 'पाणी बारा मीटरवर, रंग निळा', आणि पुढच्या शुक्रवारी सुनावणी ठेवली. जाताना त्यांनी ताईला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचं आहे?" ताई म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी."

शनिवारी खाणीच्या उपशाच्या हौदात निळं पाणी आलं.

रविवारपर्यंत ते सगळीकडे गेलं. ओढा आधीच विटकरी, त्यात निळं मिसळून त्याचा रंग असा झाला की त्याला सांगायला साहेबांनाही शब्द सापडला नाही. पाळी संपवून खाणीच्या न्हाणीघरात आंघोळ केलेले लोक बाहेर आले, ते काळ्याचे निळे होऊन. घरी गेल्यावर त्यांच्या बायकांनी त्यांना आधी ओळखलं नाही आणि मग आत घेतलं नाही. जलविहाराचं पाणी कमी झालं की खाणीच्या पाण्यानेच भरायचे, त्यामुळे सहा बदकांपैकी चार पोटाखाली निळी झाली. साहेबांची पांढरी गाडी कंपनीच्या नळावर धुतली गेली आणि तीही पोटाखाली तशीच झाली. मी रविवारी तिच्या मागून सायकलवर जात होतो. जन्मात मला सायकल चालवताना एवढी मजा आली नव्हती.

सोमवारी साहेब संतापले. त्यांच्या रागात एक गोष्ट मात्र मानायला हवी, काम झटपट होतं. त्यांनी उपशाच्या हौदाचा नमुना घेतला, सात नंबरच्या तळाशी राहिलेल्या निळ्या चिखलाचा नमुना घेतला, दोन्ही कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवले, आणि बुधवारी ताईच्या हातात नोटीस पडली. मीच नेऊन दिली. ताईच्या दारात जायला कचेरीत दुसरं कुणी तयार नव्हतं.

ताईने चष्मा पुसून घातला आणि मला म्हणाली, "वाच. सावकाश."

मी वाचलं : 'आपण आपल्या विहिरीत टाकलेले रंगद्रव्य भूगर्भातील भेगांवाटे झिरपून कंपनीच्या खाणीत उतरले व तेथील पाणी दूषित झाले, हे प्रयोगशाळेच्या चाचणीतून निःसंशय सिद्ध झाले आहे. हा प्रकार त्वरित थांबवावा, अन्यथा आपणावर कारवाई करण्यात येईल.' खाली साहेबांची सही, कंपनीचा शिक्का, चाचणीचा अहवाल जोडलेला.

"चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हणालो. मला खरंच राग आला होता. "ताई, हे लोक तुलाच आरोपी करताहेत गं."

"मधलं वाक्य परत वाच."

"भूगर्भातील भेगांवाटे झिरपून कंपनीच्या खाणीत उतरले—"

"आणि पुढे?"

"निःसंशय सिद्ध झाले आहे."

"शिक्का आहे?"

"आहे."

ताईने नोटीस हातात घेतली, इस्त्रीच्या टेबलावर पसरली, वर एक मलमलचा तुकडा ठेवला आणि कोमट इस्त्री फिरवून तिच्या घड्या मोडल्या. मग ती दवाखान्याच्या चादरींच्या कपाटात सरळ ठेवून दिली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. मैदानावर शक्य नव्हती, तिथे बदकं होती. साहेबांनी आधी भिंतीवर आलेख दाखवला. दोन वर्षांत पाणी नऊ मीटरवरून साडेचार मीटरवर, रेघ वर वर चढणारी. तो बघून मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली. त्याची विहीर नऊ नंबरची, सरासरीतून निघालेली पहिली. नंतर साहेब म्हणाले, "आमच्या खाणीचा आणि या विहिरींचा काडीचाही संबंध नाही."

ताई उठली. पदर सारखा करून तिने नोटीस बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी ती वाचली. मग चष्मा वर करून मोठ्याने वाचली. 'निःसंशय' या शब्दावर त्या जरा थांबल्या.

"ही सही आपलीच ना?"

साहेबांनी सही निरखून बघितली. पण सरासरी काढणाऱ्या माणसाकडे एक ना एक आकडा शिल्लक असतोच. "संबंध असेलही," ते म्हणाले. "भेगा असतील. पण ही विहीर आमची खाण तिथे पोचण्याच्या आधीच कोरडी होती. जुन्या फॉर्मांचं रजिस्टर बांधणीसाठी बाहेरगावी गेलं आहे. चालू रजिस्टर बघा. गेला शुक्रवार सोडला तर सात नंबरला पाणी असल्याची एकही नोंद नाही, नुसत्या रेघा आहेत."

"रेघ म्हणजे कोरडी?"

"नाही, नाही. रेघ म्हणजे मोजणी झाली नाही, म्हणजे पूर्वी पाणी होतं याचा पुरावा नाही. मालकीणबाईंनी सहकार्य केलं नाही. आमचे निरीक्षक इथेच आहेत. सख्खा भाऊ आहे, खोटं कशाला बोलेल?" साहेब माझ्याकडे वळून हसले. "काय हो, असंच ना?"

सभागृहातली सगळी डोकी माझ्याकडे वळली. छातीवरचा बिल्ला एकदम जड झाला. मुलीच्या शाळेची चिठ्ठी आठवली, सायकल आठवली, घरी बायकोला काय सांगू हे मनात आलं. ताईने मात्र माझ्याकडे बघितलं नाही. ती जमिनीकडे बघत होती. सहकार्य केलं नाही म्हणे. बाराही महिने माझी सायकल अंगणात शिरली की विहिरीवरचं झाकण बाजूला सारून, हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहणारी बाई ती. पाच महिने मी तिच्यासमोर रेघ मारली, आणि पाच महिने तिने मला एका शब्दाने विचारलं नाही की तू असं का लिहितोस. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मी उभा राहिलो. "मी मोजली," म्हणालो. "दर महिन्याला मोजली."

"नोंद आहे?" बाईंनी विचारलं.

"रजिस्टरात जाते ती नोंद, आणि ते रजिस्टर बांधणीला गेलंय. पण आकडे मला पाठ आहेत. सहा मीटर दहा. सहा ऐंशी. इथे खाण खालून यायला लागली. आठ. दहा चाळीस. बारा. चौदा नव्वद. मग कोरडी. पाच महिने कोरडी. फॉर्मवर कोरडी लिहायला जागा नाही, म्हणून मी रेघ मारली. रेघ म्हणजे कोरडी, बाई. या रजिस्टरातली प्रत्येक रेघ म्हणजे एक कोरडी विहीर आहे. मोजून बघा, सात विहिरी भरतील."

"एवढे आकडे पाठ कसे?"

"माझ्या आईची विहीर आहे ती," मी म्हणालो. सभागृहात कुणीतरी खोकलं. भावोजींनी शेजाऱ्याला मोठ्याने विचारलं, "काय म्हणाला?" शेजाऱ्याने त्यांच्या कानात सांगितलं. भावोजींनी रुमाल काढून नाक शिंकरलं, तेही मोठ्याने.

बाईंनी भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं आणि साहेबांना म्हणाल्या, "सातही विहिरी धरून हा परत काढून आणा." हुकूम त्याच संध्याकाळी निघाला : सातही घरांना पंधरा दिवसांत नळ. ताईने हुकमाची प्रत दवाखान्यात नेऊन दाखवली आणि चादरी राहिल्या. माझी नोकरी राहिली नाही. सायकल, फीत, डबा आणि बिल्ला मी सोमवारी जमा केला. पोच द्यायला साहेब स्वतः आले, आणि मुलीच्या अभ्यासाची चौकशी करून गेले. मी आता ताईकडे इस्त्री करतो. कॉलर अजून नीट जमत नाही, असं ती येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते.

नळाचं पाणी येणार कुठून, हे हुकमात लिहिलं नव्हतं. कंपनीने उपशाच्या हौदाशेजारी गाळणीचं यंत्र बसवलं आणि तिथून पाइप टाकले. सोळाव्या दिवशी सकाळी ताईच्या अंगणात, आटलेल्या विहिरीला लागून, नळ उभा राहिला. आम्ही सगळे जमलो. चारही बायका कामं टाकून आल्या. नळ आधी खाकरला, मग वाहायला लागला. पाणी छान होतं, गंज नाही, वास नाही.

ताईने पांढरं चिनी मातीचं भांडं नळाखाली धरलं. ते भरल्यावर ती कितीतरी वेळ आत बघत राहिली. मग तिने मला हाक मारली आणि भांडं पुढे केलं. तळाशी, नीट निरखल्याशिवाय कळणार नाही इतकी फिकी, निळसर झाक होती.

भावोजी म्हणाले, "खाली जुना बोगदा भरून साठलंय ते पाणी. तिथे अजून निळंच आहे सगळं. गाळून गाळून किती गाळणार?"

ताईने भांडं विहिरीच्या कठड्यावर ठेवलं. विहिरीच्या झाकणाला कुलूप घातलेलं होतं. ती कठड्याला टेकून उभी राहिली आणि पदराने डोळे पुसत म्हणाली, "खूण आपलीच आहे रे."

मग तिने नळाला बादली लावली आणि बायकांना म्हणाली, "चला, चादरी भिजवा. नीळ घालू नका."